हाताला काम : होडी परत कशी येते?



दिवाळीच्या अंकात आपण रद्दी कागदाचा हातभर नरकासुर केला होता. तुम्ही पाठवलेले फोटो पाहून घरी खूप हसलो. एका नरकासुराला चष्मा होता आणि एकाच्या हातात चक्क मोबाइल! त्याच वेळी एका आईने लिहिलं होतं, "गोंद, रंग, बाजारहाट यातलं काही लागणार नाही असं काहीतरी सांगा. आणि मुलं घरात न बसता अंगणात राहतील असं."

या वेळचा उद्योग अगदी तसाच आहे. बाजारातून काहीही आणायचं नाही. नारळाचं सोडण, खराट्याचा हीर आणि फणसाचं पान, एवढ्यात होडी होते. ती पाण्यात सोडायची आणि वारा काय करतो ते बघायचं.

कृती सांगतोच. पण नाताळच्या सुट्टीत या होडीने माझी जी फजिती केली, तीही सोबत सांगणार आहे. आईबाबांना कृतीपेक्षा तीच जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं.

फेरीबोटीतला प्रश्न

सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी रायबंदरहून फेरीबोटीने दिवाडीला चाललो होतो. माझा मुलगा चौथीत आहे. कठड्याला टेकून तो पाणी बघत होता. मी सहज सांगितलं, "म्हादेई आणि तारिणी या दोन मोठ्या शिडाच्या बोटी याच दिवाडीवर बांधल्या. दोघी पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या."

म्हादेई साधारण ५६ फुटांची. २००९-१० मध्ये नौदलातले कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने जगाला फेरी मारून आले. शिडाच्या बोटीतून एकट्याने अशी फेरी मारणारे ते पहिले भारतीय. तारिणी तिचीच धाकटी बहीण म्हणायची. १० सप्टेंबर २०१७ ला नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिला घेऊन गोव्यातून निघाल्या आणि २१ मे २०१८ ला गोव्यातच परत आल्या. वर्तिका जोशी त्यांच्या प्रमुख होत्या.

मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वारा मागून ढकलतो म्हणून बोट जाते. मग परत कशी येते? परत येताना वारा उलटा फिरतो काय?"

मी हसलो. म्हटलं, "नाही रे. वारा काय आपल्यासाठी उलटा फिरणार आहे?" आणि शीड, कोन, जोर असं काहीबाही समजावायला लागलो. मी इंजिनिअर आहे, त्यामुळे मला थांबायला जरा वेळ लागतो. पाच मिनिटांत फेरी पलीकडे लागली. तोवर तो कठड्यापासून दूर होऊन मोटारसायकली मोजत होता.

ही त्याची अलीकडची सवय. नोव्हेंबरमध्ये बाईंनी बोलावून सांगितलं होतं, "तोंडी विचारलं तर सगळं येतं. पण पेपर अर्धा कोरा ठेवतो." घरी विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "चुकलं तर?" त्याच्या वहीत काही पानांना भोकं पडलेली होती. लिहायचं, खोडायचं, परत लिहायचं, परत खोडायचं. मी म्हटलं, कागदच हलका असेल. दुसऱ्या दिवशी चांगल्या कागदाची वही आणून दिली.

आधी तळं

होडीसाठी नदीवर, तळीवर किंवा विहिरीपाशी जायचं नाही. पाणी अंगणातच आणायचं. आमच्या घरामागे गडग्याचे उरलेले चिरे पडले होते. त्यातले बारा चिरे जमिनीवर चौकोनात मांडले, लांब बाजूंना चार-चार आणि आखूड बाजूंना दोन-दोन. पावसाळ्यात गॅलरीला बांधतो ते निळं प्लास्टिक आत अंथरलं आणि कडांवर दगड ठेवले. चार-पाच बादल्या पाणी ओतलं की अर्धी वीत खोलीचं तळं तयार. चिरे नसतील तर विटा चालतील. फ्लॅटमध्ये राहत असाल तर गच्चीवर कपड्यांचा मोठा टब ठेवा.

पाणी अर्ध्या वितीपेक्षा कमी नको, कारण होडीला खाली कणा लावायचा आहे. आणि अर्धी वीत असलं तरी ते पाणीच. लहान मूल जवळ असेल तर मोठ्या माणसाने तिथून हलायचं नाही. खेळ संपला की तळं रिकामं करायचं. पाणी माडाच्या आळ्यात जाईल आणि डासही होणार नाहीत.

मग होडी

नारळ सोलल्यावर जे सोडण निघतं, त्याचा वीतभर लांबीचा सुका तुकडा घ्या. आतली खोलगट बाजू वर ठेवा, झाली होडी. निसर्गाने तिला नाळही दिलेली असते, कारण सोडणाचं एक टोक आपसूकच निमुळतं असतं.

डोलकाठीसाठी खराट्याचा जाडसा हीर मधोमध खोचा. काथ्याची वीण दाट असते, हीर घट्ट बसतो. फणसाच्या पानाला देठाजवळ एक आणि शेंड्याजवळ एक अशी दोन भोकं पाडा आणि पान हिरात ओवा. फणसाचं पान जाड, थोडंसं पोट काढलेलं, त्यामुळे ते वारा छान धरतं. माड-फणस नसलेल्या गावच्या वाचकांनी दुधाचा किंवा रसाचा रिकामा खोका उभा चिरून होडी करावी आणि जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचं शीड लावावं.

इथपर्यंत अर्धा तास. मुलाने स्वतःची होडी केली, मी माझी केली. त्याची डोलकाठी खूप उंच होती आणि तिच्यावर त्याने एकाखाली एक दोन पानं ओवली होती. "जास्त शीड, जास्त स्पीड," तो म्हणाला.

दुपारचा वारा सुटला होता. त्याची होडी पाण्यात ठेवल्याबरोबर आडवी झाली.

आता बघा, मी काय केलं. मी म्हटलं, "आण इकडे." होडी त्याच्या हातातून घेतली, हीर अर्धा मोडला, एक पान काढून टाकलं, खाली खिळ्याचं वजन लावलं आणि परत पाण्यात ठेवली. होडी डौलात चालली. मी विजयी मुद्रेने मागे वळलो, तर मुलगा तिथे नव्हता. तो व्हरांड्यात बसून चप्पल जमिनीवर आपटत होता.

"चालली ना तुझी होडी!" मी म्हटलं.

"ती माझी नाही," तो म्हणाला.

आई तिथेच खोबरं खवत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "त्याची होडी पडली, तर तुझं काय बिघडत होतं रे?"

मी काही बोललो नाही. पण त्या रात्री मला ती भोकं पडलेली पानं आठवली. त्याचा गृहपाठ रोज संध्याकाळी मी तपासतो. खोडरबर असतं ते माझ्या हातात. तो अक्षर काढतो न काढतो तोच माझा हात पुढे जातो. कागद हलका नव्हता.

पाच वेळा पडलेली होडी

दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, "आजपासून मी फक्त सुरीचं काम करणार. बाकी तू सांगशील ते." त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं. मी हात मागे बांधून माडाला टेकून उभा राहिलो. मंडळी, ऑफिसातली मीटिंग सोपी वाटावी इतकं ते कठीण होतं.

त्याने नवीन सोडण घेतलं आणि परत डोलकाठी उंचच ठेवली. होडी पडली. डोलकाठी थोडी मोडली. थोडा वेळ चालली, झुळूक आली तशी पडली. मग त्याने होडीत एक खडा ठेवला. होडी कलली, खडा घरंगळला आणि त्यामुळे उलट लवकर पडली. मग दोन खडे ठेवले, दोन बाजूंना. दोन्ही एकाच बाजूला गेले. मग पान आडवं फिरवून पाहिलं. पाचव्यांदा पडली.

मला उत्तर माहीत होतं. वजन वर असलं की तोल जातो आणि पाण्याच्या खाली असलं की सावरतो. ओठांवर आलेलं वाक्य मी तीन वेळा गिळलं.

पाचव्यांदा पडल्यावर तो उठून गेला. मला वाटलं, संपलं. दहा मिनिटांनी तो सोडणाचा बोटभर रुंदीचा तुकडा आणि दोन हीर घेऊन आला. होडीत दोन्ही हीर आडवे खोचले आणि त्यांच्या बाहेरच्या टोकांना तो तुकडा लावला.

"समुद्रावरच्या होडीला असतं ना बाजूला लाकूड? तसं."

त्याने उलांडी लावली होती. रापणीच्या वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या त्याने किती वेळा पाहिल्या असतील. मी कधी हे नावही त्याला सांगितलं नव्हतं. उलांडीमुळे होडीचा पाया रुंद होतो. होडी एका बाजूला झुकू लागली की पाण्यावरची उलांडी तिला आणखी खाली जाऊ देत नाही. आपल्या किनाऱ्यावर ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. माझ्या मुलाला ती पाच वेळा पडल्यावर सापडली.

होडी चालली. मग वारा जरा फिरला, उलांडीच्या बाजूने आला, आणि उलांडीच हवेत उचलून होडी उलटी झाली. तो न बोलता आत गेला आणि दुसऱ्या बाजूसाठी आणखी एक तुकडा घेऊन आला. या वेळी चप्पल आपटली नाही.

कणा आणि साबण

आता होडी पडत नव्हती, पण दुसरी अडचण आली. वारा जिकडे नेईल तिकडेच ती जाई, कधी नाळ पुढे, कधी आडवी घसरत. मुलगा तिला वाऱ्याच्या आडव्या दिशेला, म्हणजे तळ्याच्या एका लांब बाजूने पाठवू बघत होता आणि ती सारखी समोरच्या चिऱ्यांना जाऊन चिकटत होती.

इथे सुरीचं काम आलं. शाम्पूच्या रिकाम्या बाटलीचा चार बोटं लांब आणि तीन बोटं खोल असा तुकडा कापायचा. सोडणाच्या तळाला, नाळेपासून मागच्या टोकाच्या दिशेने, मधोमध सुरीने चीर द्यायची आणि त्यात तो तुकडा उभा खोचायचा. हा झाला कणा. पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी मागेपुढे सहज सरकतं, पण होडी आडवी सरकू लागली की या भिंतीला सगळं पाणी ढकलावं लागतं. त्यामुळे ती आडवी जात नाही.

मग ती पुढे का जाते? आंघोळीचा ओला साबण हातात दाबून बघा. तुम्ही दाबता दोन्ही बाजूंनी, पण साबण सुटतो पुढे. इथे एका बाजूने वारा तिरक्या शिडाला दाबतो आणि दुसऱ्या बाजूने पाणी कण्याला धरून ठेवतं. होडीला मोकळी वाट उरते ती फक्त नाळेकडची. ती तिकडे सुटते.

हे मुलांना सांगायच्या आधी करायला लावा. आधी कणा नसलेली होडी सोडा, मग कणा लावून तीच होडी सोडा. शीड हिराभोवती फिरवून त्याचा कोन बदलत जा. फरक पाहिल्यावर मूल स्वतःच "का?" विचारतं, आणि तेव्हा साबणाची गोष्ट त्याला हवी असते. फेरीबोटीत मी ती न मागता दिली होती.

कणा लावल्यावर आमची होडी तळ्याच्या आखूड बाजूपासून दुसऱ्या आखूड बाजूपर्यंत, वारा आडवा असताना, जवळजवळ सरळ गेली. मुलाने तिचं शीड फिरवलं आणि तिला त्याच वाऱ्यात उलट पाठवलं. तीही फेरी पूर्ण झाली.

"म्हणजे परत आली!" तो ओरडला.

वाऱ्याच्या अगदी नाकासमोर मात्र कुठलीही शिडाची बोट जात नाही. आमचीही गेली नाही, थरथरत जागीच उभी राहिली. खऱ्या बोटीला वाऱ्याच्या दिशेने जायचं असलं की ती वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून आधी एकीकडे जाते, मग वळून दुसरीकडे, परत वळून पहिलीकडे. चोर्ला घाट आठवा. डोंगरावर सरळ चढता येत नाही म्हणून रस्ता वळणं घेत घेत वर जातो आणि शेवटी माथ्यावर पोचतो. बोट तसाच वाऱ्याचा घाट चढते.

लोकरीचा धागा

एवढ्यावर मी उद्योग संपला असं धरलं होतं. पण मुलाला रोज एकच तक्रार होती. सकाळी होडी तळ्याच्या एका टोकाला जमते आणि संध्याकाळी दुसऱ्या टोकाला. "तळं वाकडं आहे," तो म्हणाला. मी पाण्याची पातळी मोजून दाखवली. तळं सरळ होतं.

मग आम्ही गडग्यावर एक काठी उभी केली आणि तिच्या टोकाला हातभर लोकरीचा धागा बांधला. सकाळी सात, अकरा आणि दुपारी चार वाजता धागा कुठे उडतो ते बघायचं आणि वहीत बाण काढायचा. वही त्याची, पेन्सिल त्याची. मी बघायचं नाही असं ठरलं.

सहा दिवसांनी त्याने वही समोर ठेवली. सकाळी सातचा बाण सहापैकी पाच दिवस पश्चिमेला, रस्त्याकडे. अकराला बरेचदा बाणच नाही, फक्त एक खाली लोंबणारी रेघ. आणि दुपारी चारला सहाही दिवस बाण पूर्वेला, स्वयंपाकघराकडे.

"बाबा," तो म्हणाला, "वारा उलटा फिरतो."

मी वहीकडे बघतच राहिलो. हे तर त्याने फेरीबोटीत विचारलं होतं, आणि मी हसलो होतो.

आई म्हणाली, "त्यात काय नवीन? न्हाणीच्या चुलीचा धूर सकाळी रस्त्याकडे जातो. दुपारी चूल पेटवली की सगळा स्वयंपाकघरात. लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय."

कारण सोपं आहे आणि तेही अंगणात करून बघता येतं. एका ताटलीत वाळू आणि दुसऱ्या ताटलीत तेवढंच पाणी घ्या. दोन्ही सकाळी उन्हात ठेवा आणि दुपारी हात लावून बघा. वाळू चटका देते, पाणी कोमट असतं. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. समुद्र दोन्ही बाबतींत सावकाश. दुपारी जमिनीवरची हवा तापून वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरची गार हवा येते, हा खारा वारा. रात्री जमीन समुद्राहून गार होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. कोकणात त्याला मतलई म्हणतात. पहाटेपर्यंत तो असतो. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असतं, त्यामुळे या दिवसांत हा खेळ स्पष्ट दिसतो. पावसाळ्यात तो नैर्ऋत्येच्या मोठ्या वाऱ्यात हरवतो.

इंजिनं यायच्या आधी किनाऱ्यावरचे मच्छीमार याच वेळापत्रकावर चालत. पहाटे मतलई घेऊन शीड उभारायचं आणि बाहेर जायचं, दुपारी खारा वारा घेऊन परत यायचं. म्हणजे होडी परत येताना वारा खरंच उलटा फिरायचा. माझ्या मुलाने पाण्याकडे बघून जे विचारलं ते बरोबर होतं, आणि त्याला चूक ठरवलं होतं ते मी.

ते त्याला सांगणं आलंच. मी म्हटलं, "फेरीत मी तुला चुकीचं सांगितलं. तुझं बरोबर होतं."

त्याने जरा विचार केला. मग म्हणाला, "तू पण कोरं ठेवायला हवं होतंस."

आई हसली. मग मीही.

आणि तारिणी?

तारिणी कशी परत आली, हे राहिलंच होतं. त्यासाठी आम्ही पृथ्वीचा गोल काढला. गोव्याहून ती ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलला गेली, मग न्यूझीलंडमधल्या लिटल्टनला, तिथून दक्षिण अमेरिकेचं टोक वळसा घालून फॉकलंड बेटांवरच्या पोर्ट स्टॅनलीला आणि मग आफ्रिकेतल्या केपटाऊनला. मुलाने गोलावर बोट फिरवलं. बोट पूर्वेकडेच जात राहिलं आणि शेवटी परत गोव्याला येऊन टेकलं.

पृथ्वीच्या दक्षिणेकडे, ४० अंशांच्या खाली, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार वाऱ्यांचा पट्टा आहे. मध्ये अडवायला जमीन फारशी नाही, म्हणून तिथे वारा आणि लाटा दोन्ही मोठ्या. तो वारा बराचसा पाठीवर घेऊन या बोटी पूर्वेकडे जातात. त्यांना मागे फिरायचंच नसतं. पृथ्वी गोल आहे म्हणून पुढे जात जात त्या घरी येतात. २०२४ च्या २ ऑक्टोबरला याच तारिणीतून दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच अधिकारी गोव्यातून निघाल्या आणि २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस परत आल्या.

एका प्रश्नाची तीन उत्तरं निघाली. वारा फिरतो. होडीला वाऱ्याचा घाट चढता येतो. आणि पृथ्वी गोल आहे. तिन्ही खरी. मी फेरीत पाच मिनिटांत फक्त मधलं सांगू पाहत होतो, तेही धड नाही.

करून बघा

थोडक्यात टिपणं, म्हणजे रविवारी शोधाशोध नको.

सोडण अगदी सुकं घ्या. ओलं सोडण जड होऊन खोल बसतं. आमची होडी चौथ्या दिवशी पाणी पिऊन जड झाली, तेव्हा ती रात्रभर वाळवायची.

दर वेळी एकच गोष्ट बदला. डोलकाठी आणि शीड दोन्ही एकदम बदललं तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. हे मुलांना दोन होड्या देऊन छान समजतं, एक जुनी तशीच ठेवायची आणि एकीत बदल करायचा.

पंख्याचा वारा वापरू नका. एक तर पाण्याजवळ वीज नको. आणि पंखा आपल्या मर्जीने चालतो. वाट बघायची गंमत खऱ्या वाऱ्यातच असते.

सुरी, कात्री आणि पाण्यावरची नजर एवढं मोठ्यांकडे. बाकी सगळं मुलांकडे. होडी पडली तर मनात वीसपर्यंत मोजा. मी साठपर्यंत मोजले.

समुद्रापासून लांब, बेळगावला किंवा इंदूरला राहत असाल तर खारा वारा मिळणार नाही. तरी लोकरीचा धागा बांधाच. तुमच्या गच्चीवरच्या वाऱ्याच्याही सवयी असतात. आठवडाभर बाण काढले की त्या दिसू लागतात.

शाळा सुरू झाल्यावर बाईंनी "माझी सुट्टी" यावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. मुलाने दीड पान लिहिलं. "माझी होडी पाच वेळा पडली" हे पहिलंच वाक्य. संध्याकाळी त्याने वही माझ्यापुढे ठेवली आणि खेळायला गेला. 'उलांडी'चा 'ला' त्याने ऱ्हस्व लिहिला होता, म्हणजे शब्द झाला होता 'उलंडी'. माझा हात सवयीने खोडरबराकडे गेला. मग मी खोडरबर परत कंपासपेटीत ठेवलं आणि वही मिटली. बाईंना दिसेल. नाही दिसलं तर समुद्रावर गेल्यावर कुणीतरी तो शब्द त्याच्यासमोर बोलेल.

परीक्षा मार्चमध्ये आहे. पेपर कोरा राहतो की नाही, ते तेव्हा बघू.

तुमच्या होड्या किती वेळा पडल्या ते नक्की कळवा. न पडलेल्या होडीचे फोटो नकोत! पुढच्या अंकात माडाच्या झावळीची भिरभिरी आणि चटई. झावळी आत्तापासूनच सावलीत ठेवून द्या, उन्हात वाळली की मोडते.